टोकन द्यायच्या आधी

येत्या शनिवारी उलव्याच्या त्या टॉवरमध्ये तू टोकन देणार आहेस, हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं. तुझ्या आईकडून कळायला हवं होतं. पण तिला विचारलं तर ती म्हणाली, "हो का? मला तारीख नाही सांगितली." म्हणून हे पत्र लिहितेय. चार वर्षं तुला गणित शिकवलंय. उत्तर आधी ठरवायचं आणि मग वरच्या ओळी त्याला जुळवत बसायच्या, ही तुझी खोड तेव्हाही होती. तेव्हा मी गुण कापत होते. आता कापले जाणार आहेत ते तुझ्या आईचे पैसे, म्हणून जरा चढ्या आवाजात बोलतेय. राग आला तर येऊ दे.

तुम्हा भावंडांचा 'आईचं घर' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे म्हणे. त्यात तू, तुझी बायको, तुझी बहीण, मेहुणे आणि तो एजंट. आई नाही. कारण काय, तर "तिला उगाच टेन्शन नको." अरे, तुझे वडील गेले तेव्हा तू पाचवीत होतास. त्या बाईने कचेरीतली नोकरी सांभाळून, रात्री शिवणकाम करून सिडकोचे हप्ते फेडले. एकही हप्ता चुकवला नाही. सिडको भवनात जाऊन कागद स्वतः वाचून सह्या केल्या. तेव्हा तिला टेन्शन झेपलं, आणि आता स्वतःच्या घराचा फोटो बघायलाही ती नाजूक? तिचे गुडघे गेलेत. डोकं नाही गेलेलं. या दोन गोष्टींत गल्लत करणारी मुलं मला रोज दिसतात, आणि सगळी शिकलेली असतात.

तिला नेरुळचं घर सोडायला हवं, हे मला मान्य आहे. आधीच सांगते, नाहीतर म्हणशील बाई जुन्या घराला धरून बसल्यात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि आईचं वय 74. खालून वर यायला तिला दोनदा थांबावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी आता जिन्यात प्लास्टिकची खुर्चीच ठेवली आहे तिच्यासाठी. भाजीची पिशवी ती कठड्याला अडकवून ठेवते आणि वॉचमनच्या मुलाची वाट बघते. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला तेव्हा डॉक्टरकडे न्यायला दोघांनी खुर्चीत बसवून उतरवलं. ती त्या दिवशी मला म्हणाली, "माझी वरात निघाली हो." हसत म्हणाली, पण तेव्हापासून ती खाली उतरायचं टाळते. हे सगळं खरं आहे. घर बदलायलाच हवं.

आणि हे एकट्या तुझ्या आईचं नाही. ही नवी मुंबई 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाल्यावर उभी राहायला लागली. वाशीला लोकल आली 1992 मध्ये, नेरुळला 1993 मध्ये. त्या सुमारास तिशी-चाळिशीची जोडपी मुंबईतल्या चाळीतून, भाड्याच्या खोलीतून इथे आली. तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची सिडकोची घरं घेतली, कारण तेवढीच परवडत होती. ती माणसं आज सत्तरीला टेकली आहेत नाहीतर ओलांडून गेली आहेत. सगळं शहर एकदमच म्हातारं होतंय आणि जिने तेवढेच राहिलेत. त्यामुळे 'आईला कुठे ठेवायचं' हा प्रश्न घेऊन येणारा तू पहिला नाहीस. पण 'ठेवायचं' हा शब्द तू तीनदा उच्चारलास, तेव्हाच मला कळलं की इथे गडबड आहे.

आता तुझं उत्तर बघू. उलवे. एकोणिसावा मजला. ताबा चार वर्षांनी. किंमत 80 लाख. कारण? "बाई, एअरपोर्ट झाला, अटल सेतू झाला, रेट दुप्पट होणार." वा. अटल सेतूचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 ला झालं, त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत गेली. विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि 25 डिसेंबरला तिथून विमानं उडायला लागली. सगळं बरोबर. पण मला सांग, यातलं काय तुझ्या आईच्या उपयोगाचं आहे? ती रोज शिवडीला जाणार आहे की दिल्लीला? तू घर घेतो आहेस ते तुझ्यासाठी, दहा वर्षांनी विकायला. घे की! तुझ्या पैशाने घे. त्याला गुंतवणूक म्हण. पण आईचं घर विकून, तिच्या पैशाने, तिला त्यात चौकीदारासारखं बसवून वर 'आईसाठी केलं' म्हणू नकोस.

ताबा चार वर्षांनी म्हणजे ती तेव्हा 78 ची असेल. तोवर कुठे? "भाड्याने कुठेतरी." कुठेतरी! आणि चारची पाच वर्षं झाली तर? सत्तरीनंतरची चार वर्षं ही तुझ्या चाळिशीतल्या चार वर्षांसारखी नसतात. या वयात माणूस एकदा घर बदलू शकतो. दोनदा बदलायला लावलं तर दुसऱ्या वेळी सामान हलतं आणि माणूस मागे राहतो. ज्येष्ठ माणसासाठी घर घ्यायचं तर तयार घ्यायचं, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, नळाला पाणी येतंय हे स्वतः नळ सोडून बघून घ्यायचं. यावर मला वाद नको.

पैशाचं बोलायचं तर तेही बोलू. गणिताचीच बाई आहे मी. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 80 लाखांवर 4 लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर किंवा जुन्या, पुनर्विक्रीच्या घरावर तो नाही. पुढे, महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, 2021 पासून. 80 लाखांवर 80 हजार. पण खरेदीखतात आईच्या शेजारी तुझं नाव घुसडलंस की ती सवलत गेली. आणि तू घुसडणार आहेसच. तुझी बहीण म्हणाली, "दादा म्हणतो, पुढे त्रास नको म्हणून जॉइंट घेऊ." कुणाला त्रास नको, ते तिने विचारलं नाही. मी विचारते.

प्राप्तिकराचं तू सीएला विचारलंस का? नाही विचारलंस, मला माहीत आहे. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावरची सूट हवी तर ठरावीक मुदतीत दुसरं घर घ्यावं लागतं: विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षं, बांधून घ्यायचं तर तीन वर्षं. तुझा ताबा चार वर्षांनी. म्हणजे आईच्या नावाने खात्याशी भांडण विकत घेतलंस. शिवाय ज्याने घर विकलं त्याच्याच नावावर नवं घर हवं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्येच दिलेला आहे. उद्या नवं घर एकट्या तुझ्याच नावावर घ्यायचं ठरवलंस, तर सूट आई कशी मागणार? एक तास सीएकडे बसला असतास तर हे पत्र निम्मं झालं असतं.

राहिलं मजल्याचं. एकोणिसावा का? "व्ह्यू आहे, बाई. खाडी दिसते." तुझी आई खाडी बघत नाही. ती खाली कोण आलं, कोण गेलं ते बघते. भाजीवाला आला की वरून हाक मारते. गणपतीत मंडपाची लाइटिंग चालू झाली की चहा टाकते. एकोणिसाव्या मजल्यावरून माणूस मुंगीएवढा दिसतो, त्याला हाक कशी मारणार? बंद पडलेल्या लिफ्टचं तर बोलायलाच नको. दुरुस्तीवाला 'येतोय' म्हणतो आणि संध्याकाळ होते. तळमजलाही लगेच घेऊ नकोस, हो. नवी मुंबईची बरीच जमीन खाडीची भर टाकून केलेली आहे, भरतीचं पाणी बाहेर ठेवायला सिडकोने बांध आणि धारण तलाव केलेत, तरी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी तुंबतंच. तळमजल्याला ओल, डास, आणि रात्री खिडकीजवळ कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवणार. पहिला किंवा दुसरा मजला, लिफ्ट असलेला. लिफ्ट बंद पडली तरी जिना चढून कुणी मदतीला येऊ शकेल एवढंच अंतर. घर बघायला जाशील तेव्हा लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावेल का ते बघ. न मावणाऱ्या लिफ्टमधून आजारी माणसाला उभं करून नेतात, हे मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात तुझ्या आईला घेऊन मी खारघरला एक सॅम्पल फ्लॅट बघायला गेले होते, ते तुला तिने सांगितलं नसेल. तुला राग येईल म्हणून. तिथला पोरगा गोड बोलणारा होता, पण सगळं मलाच सांगत होता, कारण मी बोलत होते. तुझी आई त्याच्या दृष्टीने सोबत आलेली आजी. बेडरूम मोठी वाटावी म्हणून पलंग पाच फुटांचा ठेवला होता आणि कुठल्याच खोलीला दार बसवलं नव्हतं. दार उघडायला जागा लागते, म्हणून. मी पर्समधून टेप काढली. बाथरूमची चौकट सव्वादोन फूट. वॉकरचीच रुंदी दोन फुटांच्या आसपास, धरणाऱ्या हाताची बोटं कुठे जाणार? तुझ्या आईने बाथरूमचा उंबरा बघितला, डावा हात भिंतीवर टेकवला, उजवा पाय उचलला आणि अर्ध्यावरच परत ठेवला. काही बोलली नाही. पोरगा म्हणाला, "आजी, हे अँटी-स्किड आहे." ती म्हणाली, "बाळा, मी घसरण्यापर्यंत पोचतच नाहीये." त्या एका वाक्यात तुला जे कळायला हवं ते सगळं आहे. तुझ्या त्या 40 पानी ब्रोशरमध्ये नाही.

अरे, हे काही मी माझ्या मनाने सांगत नाही. ज्येष्ठांसाठी म्हणून जे प्रकल्प विकले जातात त्यांना काय काय असायला हवं, याचे नियम महारेराने 2024 मध्ये घालून दिले आहेत. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, शक्यतो सरकती. लिफ्टमध्ये व्हीलचेअर जायला हवी. न्हाणीघरात धरायला दांडे, न घसरणारी फरशी. तू ज्येष्ठांसाठीचा प्रकल्प घे असं मी म्हणत नाही. तिला चोवीस तास म्हाताऱ्यांच्यातच राहायचं नाही, हे तिने मला स्पष्ट सांगितलंय. पण ती यादी घे, कुठलंही घर बघायला जाताना हातात धर. दांडे बसवता येतात. दार रुंद करायचं तर भिंत फोडावी लागते, आणि भिंत बीमला लागून असेल तर तेही नाही.

तुझ्या उलव्याच्या टॉवरची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर बघितलीस का? काय विचारते मी. अंतिम तारीख तिथे लिहिलेली असते. बिल्डरच्या तोंडची नाही, नोंदवलेली. आणि लक्षात ठेव, 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एजंटने तुला सांगितलेलं टोकन मी ऐकलंय, आणि 80 लाखांचे 10 टक्के किती होतात ते तुला येतं. निदान एवढं तरी शिकवलं होतं.

मग घर कुठे घ्यायचं? नेरुळमध्ये. किंवा सीवूड्सला, फार तर जुईनगरला. तुझा चेहरा मला इथून दिसतोय. "तिथे रेट जास्त आहेत, बाई, तेवढ्यात दोन बेडरूम येणार नाही." दोन कशाला? तुम्ही वर्षातून चार दिवस राहायला येता, दिवाळीत. चार दिवसांसाठी तिने वर्षभर जास्तीची खोली झाडायची? एक बेडरूम, चांगला उजेड, ओटा तिच्या उंचीचा. लहान घर पण तिच्या माणसांत. महापालिकेचं मीनाताई ठाकरे रुग्णालय नेरुळलाच आहे. तिचा डॉक्टर, तिचा औषधवाला, जो उधारी लिहून ठेवतो. भजनी मंडळ. विरंगुळा केंद्र, जिथे ती कॅरममध्ये तीन पुरुषांना हरवते आणि मग आठवडाभर त्याचीच गोष्ट सांगते. शेजारीण आजारी पडली की हिने डबा न्यायचा, हिला बरं नसलं की तिने. हे सगळं चाळीस मिनिटांच्या रिक्षापलीकडे नेऊन ठेवलंस की उलव्यात तिला विमानांचा आवाज तेवढा ऐकू येणार. तू म्हणशील, लोकल आहे. आहे. पण त्या मार्गावर हार्बरसारख्या पाठोपाठ गाड्या नाहीत, आणि गुडघ्याने अधू बाई पुलाचे जिने चढून भजनाला जाईल, हे तुलाही खरं वाटत नाही.

1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. पुढे सिडकोने हे शहर नोडनोडने आखलं, सेक्टर पाडले, शाळा-बाजार घराजवळ ठेवले, पायी जाता येईल असे. कोरियांनी बेलापूरला बांधलेली आर्टिस्ट व्हिलेजची बैठी घरं बघ कधीतरी. अंगण, शेजारचा आवाज, फार तर एक मजला. त्या लोकांनी माणसाच्या पावलांचा विचार केला होता. तू चौरस फुटाच्या भावाचा करतोस.

एक मात्र नीट तपास. नेरुळ-वाशीत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास निघालाय. स्वस्तात मिळालेल्या फ्लॅटची सोसायटी उद्या बिल्डरशी करार करून मोकळी होईल आणि आईला पुन्हा सामान बांधावं लागेल. सोसायटीच्या सचिवाला भेट, मागच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्तं माग. लाजू नकोस. पुनर्विक्रीचं घर असेल तर कागदांची साखळी पूर्ण बघ: मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक वेळी सिडकोने हस्तांतरण मंजूर केलंय का, सोसायटीच्या भागपत्रावर कुणाचं नाव आहे. इथली बहुतेक जमीन सिडकोची, भाडेपट्ट्याची. नवी मुंबईत वर्षानुवर्षं घरं पॉवर ऑफ ॲटर्नीवर हातोहात गेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सांगितलं की अशा कागदाने मालकी येत नाही. तरी लोक घेतात, आणि मग वारसांना सिडकोच्या खिडकीवर उभं राहावं लागतं. गावठाणात फार स्वस्त मिळतंय असं कुणी सांगितलं तर आधी परवानगीचे कागद माग. दिघ्यात 2015 मध्ये अनधिकृत इमारतींवर हातोडा पडला तेव्हा आत राहणाऱ्यांनी पैसे पूर्ण भरलेले होते.

आता मालकीचं. हे तू टाळतोयस, म्हणून मी टाळणार नाही. तुझ्या डोक्यात आणखी एक बेत आहे, जो मी तुझ्या मेहुण्यांकडून ऐकला: आईने आधी जुनं घर तुला बक्षीसपत्राने द्यायचं, मग तू विकायचं, "प्रोसेस सोपी होईल म्हणून." महाराष्ट्रात आईने मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक फक्त 200 रुपयांचा लागतो, हे एजंटने तुला सांगितलं असणार. दोनशे रुपयांत आईचं घर तुझं. दोनशे रुपयांत तिच्या चार भिंती गेल्या, आणि पुढे तिचं काय, हे तुझ्या मर्जीवर. तू वाईट मुलगा नाहीस, मला माहीत आहे. पण आधी तू असशील, मग तुझी परिस्थिती असेल, मग तुझं कर्ज, मग तुझ्या मुलाचं परदेशी शिक्षण. माणसं वाईट नसतात तरी आया रस्त्यावर येतात.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 23 वं कलम वाच. सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत घेता येते. पण अट कागदात हवी. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की अशी अट नसेल तर हे कलम लावता येणार नाही. पुढे 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने मुलाच्या नावचं बक्षीसपत्र रद्द केलं आणि म्हटलं की हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने, उदारपणे वाचला पाहिजे. त्या आईला न्याय मिळाला. पण कुठून कुठे जाऊन मिळाला, याचा विचार कर: न्यायाधिकरणापासून दिल्लीपर्यंत, पोटच्या मुलाविरुद्ध. तुझ्या आईला अशी पायपीट नको. घर तिच्या नावावर राहू दे, फक्त तिच्या. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केलेलं आहे. तुझ्या सोयीसाठी ती कमी करायची गरज नाही. तिला मृत्युपत्र करायचं असेल तर ती करील, दोन साक्षीदार घेऊन, कुणाला काय द्यायचं ते ठरवून. तुला नाही दिलं तरी तो तिचा हक्क आहे. आणि सोसायटीत तुझं नाव नॉमिनी म्हणून लागलं की तू मालक झालास, असं समजू नकोस. नॉमिनी मालक नसतो; घर वारसांचं किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याचं.

तुझी बायको म्हणाली, आईंनी सरळ आमच्याकडेच यावं. तिने मनापासून म्हटलं, हे मी मानते. पण ते आमंत्रण एकदाच दिलं जातं आणि आई 'बघू' म्हणते, तेव्हा तुम्ही तिच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा लावता आणि सुटका झाल्यासारखा श्वास सोडता. तिला विचारायचं असेल तर नीट विचार. तुझ्या घरी तिची खोली कोणती, तिची देवाची मूर्ती कुठे, रात्री तिला कोण उठवणार, ते सांगून विचार. नाहीतर विचारूच नकोस.

शनिवारचं टोकन थांबव आणि या रविवारी सकाळी ये. गाडी सोसायटीच्या गेटबाहेर लाव आणि आईबरोबर तीन मजले उतर, तिच्या वेगाने, मोबाइल खिशात ठेवून. मग नेरुळमधली तीन घरं आपण बघू. एक सेक्टर 6 मधलं, एक स्टेशनजवळचं, तिसरं तिनेच कुणाकडून तरी शोधून काढलंय आणि पत्ता पर्समध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवलाय. एजंटशी बोलणी ती करील. तू टेप धर. आवडलं तर ती हो म्हणेल, नाही आवडलं तर नाही, आणि तू 'पण आई' म्हणायचं नाही. कराराचा मसुदा आला की वकिलाच्याही आधी तो तिला वाचायला दे. मोठ्या अक्षरात छापून आण.